खांडीच्या गाण्याची पट्टी

तुमच्या घरातल्या सर्वांत थकलेल्या बाईचा गाता आवाज तुम्ही शेवटचा कधी ऐकलात? ‘जेवलीस का’ म्हटल्यावर आलेला हुंकार मी मोजत नाही. औषधाची गोळी मागतानाचा आवाजही नाही. मी गाण्याबद्दल विचारते आहे. आठवत नसेल तर आणखी एक सांगा. ती आपण होऊन गप्प झाली, की तुम्ही गाणंच तिच्या गळ्याच्या वर नेऊन ठेवलंत?

फाल्गुन लागला की हा प्रश्न माझ्या डोक्यात उसळतो. पेणच्या खाडीकाठी आमचं गाव. मिठाचा हंगाम तेव्हा भरात असतो आणि त्याच्या पायात पाय घालून लग्नसराई येते. दुपारी मिठागरावर उभं राहिलं की डोळे उघडे ठेवता येत नाहीत, इतकं ते पांढरं ऊन खालून वर येतं. वारा खाडीकडून येतो, ओठांवर खारट पापुद्रा धरतो. बायका लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढून कडेला आणतात, पाट्या भरतात, एकीच्या मागे एक बांधावरून चालतात. त्यांच्या टाचांच्या भेगांत मीठ जाऊन बसतं. संध्याकाळी त्या पाय धुतात तेव्हा तोंडातून बारीक ‘स्स’ येतो, आणि त्याच आवाजात कधीकधी गाणं सुरू व्हायचं. व्हायचं, असंच म्हणायला हवं. आता निम्म्या मिठागरांत गवत वाढलंय, काही ठिकाणी प्लॉटच्या पाट्या लागल्यात आणि संध्याकाळी गाणं मांडवावरच्या स्पीकरमधून येतं. तेच गाणं. खांडीचं गाणं. ते ऐकलं की माझ्या हातातला चहा निवतो आणि डोकं तापतं.

आधी गाणं सांगते, म्हणजे राग कशाचा ते कळेल. खाडीच्या पाण्यापासून भातशेती वाचवायला आमच्याकडे मातीचे बांध असतात. उधाणाला बांध फुटतो, त्या भगदाडाला खांड म्हणतात. एक खांड पडली की खारं पाणी आत येतं आणि पुढे कित्येक वर्षं त्या शेतात भात धरत नाही. गाण्यात अशीच खांड पडते. पुरुष होड्या घेऊन गेलेले. एक नवी नवरी ते सगळ्यांच्या आधी बघते, धावत जाते आणि पाण्याकडे पाठ करून खांडीत बसते. आणि हाका मारते. मग गावच्या बाया एकेक करून चिखलाची पाटी घेऊन येतात.

इथून गाणं कुणाच्याच पाठ नसतं, कारण इथून पुढे त्यात समोर बसलेल्या बायकांची नावं येतात. सगळ्या मिळून विचारतात:

खांड पडली गो, खांड पडली,
पाटी कुणाची, कुणाची आली?

आणि जिची पाळी ती एकटी म्हणते, ‘पाटी हिराची, हिराची आली.’ मग पुढची. मग पुढची. मांडवात जितक्या बाया तितक्या पाट्या. हळद दळताना हे गाणं म्हणतात आणि खरीखुरी नवरी पाटावर बसून असते. शेवटच्या बाईची पाटी पडेपर्यंत तिने उठायचं नाही. एक पाटी राहिली तर खांड राहिली. खांड राहिली तर नवरी पाण्यातच बसलेली.

आता सांगा, असं गाणं कोणत्या पट्टीत धरायचं? सा कुठे ठेवायचा? आमच्या बायकांनी याचं उत्तर कधीच देऊन ठेवलंय. जमलेल्यांत जिचा गळा सर्वांत थकलेला, ती पहिला हुंकार देते. तिचा सा तोच सगळ्यांचा सा. तरण्या पोरींनी खाली यायचं. खाली गाताना आवाज चमकत नाही, गळ्याचा दिमाख दाखवता येत नाही, पोरी कुरकुरतात. कुरकुरू देत. वर जाणं ज्यांना जमतं त्यांना खाली येणं जमतं. जिला वर जाणं जमतच नाही, तिच्यासाठी सगळ्यांनी खाली यायचं. एवढी साधी गोष्ट.

मी पत्रकांवर वाढले. बाबा खारबंदिस्तीच्या आणि जमिनीच्या लढ्यातले कार्यकर्ते. घरात पत्रकांचे गठ्ठे, माझ्या वह्यांना उरलेल्या पत्रकांची कव्हरं. ‘शेतकरी बंधू-भगिनींनो’ हे मी जोडाक्षरांसकट वाचलेलं पहिलं वाक्य. समतेवर मी ढीगभर वाचलं आहे आणि थोडंफार लिहिलंही आहे. पण हळदीच्या जात्याभोवती बसलेल्या त्या बाया समतेबद्दल काही न बोलता ज्या पट्टीत गात होत्या, तिच्याइतकं स्पष्ट पत्रक मला अजून लिहिता आलेलं नाही.

हिराआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. सगळा जन्म मिठागरावर गेला. आवाज जाड, खरखरीत, मिठाच्या गोणीवरून हात फिरवावा तसा. कित्येक वर्षं लग्नांत पहिला हुंकार तिचाच असायचा. मी लहानपणी तिला विचारलं होतं, ‘आत्या, तुझा आवाज असा बाप्यासारखा का?’

ती म्हणाली, ‘पाटी उचलताना जो आवाज निंगतो ना पोरी, तोच माजा गाण्याचा आवाज. दोन दोन आवाज कुटून आनू?’

दुसरं माणूस विलासमामा. आईचा भाऊ, राहणार रोहा. धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. साबणाने कितीही हात धुतले तरी बोटांना कंपनीचा उग्र वास राहतो, आणि त्याच बोटांत नख्या घालून तो स्टील गिटार वाजवतो. ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात. डाव्या हातातली स्टीलची कांडी तारांवरून सरकवली की सूर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उडी मारत नाही, घसरत, विव्हळत जातो. तरुणपणी मामा रोह्याच्या एका ऑर्केस्ट्रात होता. ऑर्केस्ट्रा बंद पडला, मामाचा तोरा बंद पडला नाही. केस अजून काळेभोर, म्हणजे रंगवलेले. कुणी ‘वा’ म्हटलं की तो मान झुकवून थांबतो, आणखी एक ‘वा’ येईपर्यंत.

मला आठवतो तो काही वर्षांपूर्वीचा हंगाम याच दोघांचा. त्या वर्षी वालाच्या शेंगा उशिरा भरल्या. दारोदार बिरड्याचा वास, अंगणात सुकत घातलेला जवळा, आणि घरात एकच विषय: आपलं गाणं रेकॉर्ड होणार. रामवाडीत हायवेला लागून एका दुकानाच्या वर स्टुडिओ निघाला होता. तो चालवणारा रुपेश, गोरागोमटा, बोलायला गोड. त्याने कुठल्याशा लग्नात खांडीचं गाणं ऐकलं आणि तो थेट आत्याच्या ओटीवर येऊन बसला.

‘आत्या, तुमचं गाणं अख्ख्या महाराष्ट्रात पोचवतो.’

‘आनी पाट्या?’ आत्याने विचारलं.

‘कसल्या पाट्या?’

‘अक्क्या महाराष्ट्रातल्या बायांची नावं घेशील तवा नवरी उटंल. तवर जेवायला देशील ना तिला?’

ओटीवरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. रुपेशही हसला. त्याला तो विनोद वाटला होता.

स्टुडिओच्या भिंतींना काळा फोम लावलेला. हायवेवरून ट्रक गेला की तरीही काच थरथरायची आणि रुपेश हात वर करून सगळं थांबवायचा. आत्याबरोबर गावच्या आणखी काही बाया, सगळ्यांनी ठेवणीतली लुगडी नेसलेली. कोपऱ्यात मामा, गिटार मांडीवर, शर्ट इस्त्रीचा. मी आत्याची पाण्याची बाटली धरून. मुख्य गाणारी मुलगी मुंबईहून येऊन तिचा भाग गाऊन गेली होती. तिच्या गळ्याला काळी चार, म्हणजे बरीच उंच पट्टी, शोभते, म्हणून ट्रॅक काळी चारमध्ये तयार होता. सगळं ठरलं होतं. ज्या गाण्याचा सा ठरवायला आमच्याकडे सर्वांत थकलेली बाई लागते, त्याचा सा या जमलेल्या बायांपैकी एकीलाही न विचारता ठरला होता.

आत्याने हेडफोन लावला, ऐकलं, आणि काढून ठेवला. ‘ह्ये लय वर हाय.’

‘प्रयत्न करा ना, आत्या.’

‘वर माजा गला नाय जात रं.’

‘बरं, तुमच्या पद्धतीनं म्हणा. बघू कुठे बसतंय.’

आत्याने हुंकार दिला. बाया लगेच त्या हुंकारापाशी येऊन बसल्या, सवयीने, चुलीपाशी बसावं तशा. रुपेश कीबोर्डवर ती जागा शोधू लागला. काळी दोन दाबली, ती खाली. पांढरी तीन दाबली, ती वर. दोन बटणं शेजारी शेजारी, आणि आत्या त्यांच्या मध्ये बसलेली.

‘आत्या, किंचित वर घ्या किंवा किंचित खाली. मधलं नसतं.’

‘नसतं कसं? मी बसलंय ना हितं.’

तेवढ्यात मामा वाजवू लागला. त्याच्या गिटारीला पडदे नसतात, नुसत्या खुणेच्या रेघा असतात. रेघेच्या केसभर मागे कांडी ठेवली आणि आत्याचा सा तिथे होता. कुणी बेसूर होतं तर तो कीबोर्ड. बायांनी विचारलं, पाटी कुणाची, कुणाची आली, आणि आत्या म्हणाली, पाटी हिराची, हिराची आली, आणि मामाची कांडी त्या शेवटच्या ‘आली’बरोबर हळूच खाली घसरली. खांद्यावरून खरोखरच काहीतरी ओझं उतरल्यासारखी. ट्रक गेला, काच थरथरली, कुणी थांबलं नाही. पुढचं कडवं, पुढची पाटी. त्या फोमच्या खोलीत मला चिखलाचा वास आला.

मामाला समतेचा पुळका आला होता असं समजू नका. रुपेश मघाशी ‘गिटार जरा आउट जातेय’ म्हणाला होता, ते त्याला झोंबलं होतं. मला त्याचं कारण चालणार होतं. बांधावर चिखल कुठल्या रागाने टाकला हे पाणी विचारत नाही.

पण पुढे मामाला गोड बोलून वळवण्यात आलं. व्हिडिओत नाव मोठ्या अक्षरांत येईल, मधल्या जागेत गिटारीचा तुकडा वेगळा ठेवू. ‘फक्त ट्रॅकच्या पट्टीत द्या, काका.’ मामाने मान झुकवून थांबून बघितलं, दुसरा ‘वा’ आला, आणि कांडी काळी चारच्या रेघेवर गेली.

मी भांडले. पट्टी ही आवडीनिवडीची बाब नाही, गाण्यात कोण राहणार आणि कोण बाहेर जाणार हे पट्टी ठरवते, असं बरंच काही. मामा म्हणाला, ‘आली पुढारीण! जा, आता हायवे अडव.’ रुपेश म्हणाला, ‘ताई, टेन्शन घेऊ नका, आत्यांचा आवाज मी वापरणार आहे. कॉम्प्युटरवर वर नेतो.’

वर नेतो. हे दोन शब्द मला तेव्हा कळले नाहीत.

कळले ते वैशाखात. शेजारच्या लग्नात स्पीकर लागला, गाणं सुरू झालं, सगळे ओरडले, ‘आत्याचं गाणं, आत्याचं गाणं!’ आत्या हातातलं काम टाकून मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिली. मुंबईच्या मुलीचा आवाज आला, लखलखीत. मग ‘पाटी हिराची, हिराची आली’. एक बारीक, चिमटा काढल्यासारखा, बाहुलीचा आवाज. आत्याचाच. खेचून, ताणून, काळी चारला नेऊन टांगलेला.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, ‘ही कोन गो?’

माझा चेहरा बघून तिला कळलं असावं. ती म्हणाली, ‘लय बारीक पोर हाय. हिच्यानं पाटी उचलायची नाय.’ आणि ती कामाला लागली.

त्या दिवसापासून आत्याने हुंकार दिला नाही. तिचा सत्कार झाला, शाल-नारळ मिळाला, लोककला जपल्याबद्दल कुणीकुणी भाषणं केली. शाल दिली, पण तिचा सा कुणी परत दिला नाही. त्यानंतरच्या सगळ्या लग्नांत ती जात्यापाशी बसायची, दाणे टाकायची, तोंड मिटून. मांडवात गाणं वाजायचं, तीनेक मिनिटांत संपायचं. रेकॉर्डमध्ये सगळ्या पाट्या कुठे मावणार? नवरी उठायची, फोटोला जायची. खांड उघडीच.

लोक मला समजावतात. अगं, गाणं जगलं ना? हो, जगलं. लाखो लोकांच्या मोबाइलवर जगलं. फक्त ज्या बाया ते गात होत्या त्यांना त्यात पाय ठेवायला जागा नाही. आणि हे काय गाण्यातच होतं? ग्रामसभेत बोलायची भाषा कुणाच्या गळ्याची? दवाखान्यातली, बँकेतली, शाळेच्या पालकसभेतली? जो सर्वांत जोरात, सर्वांत वर बोलू शकतो त्याच्या मापाने सगळं लावायचं आणि उरलेल्यांना म्हणायचं, ‘प्रयत्न करा ना, आत्या.’ नाहीच जमलं तर त्यांचा आवाज आपणच वर खेचून घ्यायचा आणि त्यांनाच ऐकवायचा. बघा, तुम्ही पण आहात की यात!

या वर्षी आमच्याच घरात लग्न होतं. हिराआत्याची नात प्राजू. शांत मुलगी, रोह्याला एका दुकानात कामाला. मी आधी आठ-दहा जणांसमोर रीतसर भाषण केलं की हळदीला स्पीकर नको. कुणी ऐकलं नाही. डीजेवाला सकाळीच आला होता. त्याने वायरी जोडल्या, गाणं लावलं. जात्याला आंब्याचे डहाळे बांधलेले, हळकुंडांचा कडवट वास, प्राजू पाटावर. बाया जात्याभोवती, आत्या त्यांच्यात, तोंड मिटून. गाणं संपलं. फोटोवाला म्हणाला, ‘नवरीबाई, उठा, ऊन चांगलंय.’

प्राजू उठली नाही.

‘काय गो, पाय आखडला?’ कुणीतरी विचारलं.

‘आजीची पाटी नाय आली,’ प्राजू म्हणाली.

‘आली की, आत्ताच वाजली ना.’

‘ती आजी नव्हती.’

एवढंच. माझ्या सगळ्या भाषणात जे नव्हतं ते तिने पाटावर बसून केलं. फोटोवाल्याने घड्याळ बघितलं. नवऱ्याकडचे फोन करू लागले. तिच्या आईने डोळे वटारले, मग विनवलं, मग आत्याला म्हणाली, ‘म्हनून टाका हो आत्याबाय, पोर काय उटायची नाय.’

आत्या म्हणाली, ‘माजा सूर कुटं उरलाय? आता समद्यांच्या कानात ती बारीक पोर बसलीय.’

तेव्हा मागून गिटार वाजली. मामा रात्रपाळी करून धाटावहून थेट आला होता, डोळे लाल, केसांचा रंग मुळाशी उतरलेला. लग्नात वाजवायला म्हणून गिटार आणली असेल असं सगळ्यांना वाटलं होतं. त्याने मोकळ्या तारा छेडल्या. कांडी लावलीच नाही. घरूनच सगळ्या तारा थोड्या थोड्या सैल करून आणल्या होत्या, आणि त्या मोकळ्या वाजत होत्या त्या बरोबर दोन बटणांच्या मधल्या त्या जागी. मामाने मान झुकवली नाही. कुणाकडे बघितलंही नाही.

आत्याने त्याच्या बोटांकडे बघितलं. ‘व्हय रं,’ ती म्हणाली, ‘हितंच ठेवलंवतं मी.’ आणि तिने हुंकार दिला.

आता इथे सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. म्हाताऱ्या लगेच खाली आल्या. पोरींना जमेना. स्पीकर बंद होता तरी त्यांच्या तोंडून काळी चारच निघत होती. इतक्या वर्षांच्या ऐकण्याने त्यांचा गळा तिथेच अडकलेला. दोघीतिघी म्हणाल्या, ‘एवढं खाली आमाला नाय जमत.’ खाली यायला जमत नाही! मला संताप आला आणि मग भीती वाटली. स्पीकरची वायर उपटता येते, हे कसं उपटायचं?

आत्या थांबली. ओरडली नाही. तिने हुंकार धरून ठेवला आणि एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिली, खांडीपाशी उभ्या बाईने वाटेकडे बघावं तशी. एक पोर आली. मग दुसरी. तिसरीचा आवाज खाली येताना तुटला, तिने तुटका दिला. पाट्या पडत गेल्या. शेवटी आत्याची, खरखरीत, जड, तिच्या स्वतःच्या वजनाची. मग प्राजू पाटावरून उठली. तिच्या पायाला खरंच मुंग्या आल्या होत्या.

डीजेवाल्याने लगेच बटण दाबलं. पुन्हा तीच बाहुली, आधीपेक्षा मोठ्याने.

म्हणून ही विनंती. आमच्या घरी बाबांच्या प्रत्येक पत्रकाच्या तळाला एक ओळ असायची, वाचून दुसऱ्याला द्या. मी ती लिहीत नाही. हा लेख कुणाला देऊ नका, हवा तर फेकून द्या. पण या हंगामात तुमच्या घरी, शेजारी, कुठेही मांडव पडला असेल तर तिथे जा, स्पीकर बंद करा आणि सर्वांत थकलेल्या बाईसमोर जमिनीवर बसा. तिला गायला सांगू नका. तिचा हुंकार येईपर्यंत थांबा. आणि आला की खाली या.